चोर शर्ट सापडल्यानंतर

शर्टांच्या कारखान्यात शेवटच्या ओळीतल्या पहिल्या टेबलावर बसणाऱ्या तपासणीबाईला सगळे भिंगबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला राग येत नसे. उलट जरा बरंच वाटे. सव्वीस वर्षं ती एकच काम करत होती. शर्ट समोर ओढायचा, कॉलर चाचपायची, प्रत्येक बटण अंगठ्याने ओढून बघायचं, काजांवरून बोट फिरवायचं, दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवून जुळवायच्या, आतली शिलाई उलटून पाहायची, आणि सगळं ठीक असलं की आपल्या नंबराची चिठ्ठी खिशात सारून शर्ट पुढे घडी घालणाऱ्यांकडे ढकलायचा. एका शर्टाला पाऊण मिनिट. सव्वीस वर्षांत तिच्या चिठ्ठीचा एकही शर्ट दुकानातून परत आला नव्हता. सुपरवायझर नव्या मुलींना सांगे, "टाका सुटला असेल तर भिंगबाईंना वासावरून कळतं." हे काही खरं नव्हतं, पण भिंगबाईने ते कधी खोडूनही काढलं नव्हतं.

जे कारखान्यात तेच चर्चमध्ये. महिला मंडळात दर महिन्याला कोणीतरी चार शब्द बोलायचे असत. भिंगबाईची पाळी आली की विषय काहीही ठरलेला असो, ती शेवटी जागं राहण्यावरच येऊन थांबे. पकडून नेण्याच्या आदल्या घटकेला प्रभू बागेत एकटा प्रार्थना करतोय आणि शिष्य खुशाल घोरतायत, ही गोष्ट ती इतक्या तळमळीने सांगे, की ऐकणाऱ्या बायकांना ते शिष्य आपल्याच घरातले पुरुष वाटायला लागत. "एक तास," ती म्हणे, "एक तास डोळे उघडे ठेवता आले नाहीत त्यांना. बायांनो, डोळ्यांत तेल घालून बसा. सैतान काही तारीख कळवून येत नाही." मागच्या बाकावर पेंगणारी पाळकांची सासू तेवढ्यापुरती दचकून ताठ बसे.

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं बरं का. बाई खरोखर पहाऱ्यावर असायची. दिवसभरात कुठे मोह आला, कुठे जीभ घसरणार होती, कुठे मत्सराने डोकं वर काढलं, सगळ्यावर तिची नजर. संध्याकाळी नवरा हटकून विचारायचा, "मग, आज किती हाकलले?" नवरा दुकानांचे बोर्ड रंगवायचा. बोटांना कायम कुठला तरी रंग, आणि तोंडात कायम थट्टा. ती गंभीरपणे सांगे, "एक. घडीवालीच्या नव्या चपला बघून मनात आलं होतं." तो म्हणे, "फक्त चपला? सैतान काटकसरीला लागलेला दिसतोय." ती त्याच्याकडे असं बघे, जसं काज न पाडलेल्या कफकडे बघावं. पण हसूही येई तिला, खोटं कशाला बोला.

आता त्या कारखान्यातली एक पद्धत सांगितली पाहिजे, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. दिवसभर चांगले शर्ट बघून बघून डोळा मरतो. तपासणारीला सगळंच चांगलं दिसायला लागतं. म्हणून सुपरवायझर शंभर शर्टांच्या प्रत्येक गठ्ठ्यात मुद्दाम एक बिघडवलेला शर्ट घालायचा. कधी एक बटण काढलेलं, कधी खिसा तिरका. कॉलरच्या पट्टीखाली ओळखीसाठी निळा दोरा. त्याला सगळ्याजणी चोर शर्ट म्हणत. तो सापडला की तपासणारी हात वर करी, सुपरवायझर येऊन शर्ट घेऊन जाई, आणि फळ्यावर तिच्या नंबरापुढे एक उभी रेघ ओढे. भिंगबाईच्या रेघा कधी चुकल्याच नाहीत.

तिच्या शेजारच्या टेबलावर चिमणी बसायची. नंबर एकोणीस. अंगाने एवढीशी, आणि बडबड अशी की मशिनं बंद पडली तरी हॉलमध्ये शांतता होणार नाही. तीन वर्षं कच्च्या नोकरीत होती. घरी पाच वर्षांची मुलगी आणि ती, बस. कायम झालं की मुलीच्या आजारपणात हक्काची सुट्टी मिळणार, एवढ्यासाठी तिचा सगळा जीव अडकलेला. चर्चला वगैरे ती जायची नाही. पण भिंगबाई डबा उघडून डोळे मिटायची तेव्हा ती बडबड थांबवायची आणि मग विचारायची, "मावशी, माझं नाव घातलंत का त्यात?" भिंगबाई म्हणायची, "घातलं गं. तुझ्या जिभेसाठी वेगळी प्रार्थना केली."

त्या बुधवारी सकाळी चहाच्या सुट्टीत बायका सुपरवायझरच्या बायकोबद्दल काहीबाही बोलायला लागल्या. माल चांगला चटकदार होता. भिंगबाईचे कान टवकारले, आणि तिने ताबडतोब स्वतःला पकडलं. कप घेऊन ती उठली, खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि मनात म्हणाली, "आलास का? ओळखलं तुला." दिवसाचा मोह सापडला होता. ती हलक्या अंगाने टेबलाशी परतली आणि दुपारपर्यंत मजेत गुणगुणत राहिली.

अडीच वाजता सुपरवायझर दुकानातून परत आलेला एक शर्ट आणि एक पत्र घेऊन ओळीत आला. पत्र कुणा बँडमास्तरचं होतं. सुपरवायझरने ते मोठ्याने वाचलं. बँडमास्तरने लिहिलं होतं, की हा नवा शर्ट घालून ते भर सभागृहात चाळीस वादकांसमोर उभे राहिले. उजवा हात व्यवस्थित दिसत होता, पण डावी बाही चार बोटं लांब असल्यामुळे डाव्या हाताची फक्त नखं दिसत होती. बासरीवाल्यांना वाटलं आपल्याला गप्प बसायला सांगतायत. ते गप्प बसले. शेवटपर्यंत गप्प बसले.

बायका तोंडावर हात ठेवून हसत होत्या. भिंगबाईही हसली. मग सुपरवायझरने खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

चिठ्ठीवर नंबर एकोणीस होता, आणि खाली दीड महिन्यापूर्वीची तारीख. पण चिठ्ठीचा वरचा उजवा कोपरा दुमडलेला होता. भिंगबाईच्या अंगठ्याला ती सवय होती. खिशात सारताना ती कोपरा दुमडायचीच. दुसरं कोणी तसं करत नसे. त्याच दिवशी चिमणीला शाळेतून फोन आला होता, मुलगी पायऱ्यांवरून पडली म्हणून. टेबल सोडायची परवानगी कच्च्या कामगाराला नव्हती. "मावशी, अर्धा तास माझा ढीग बघाल का?" म्हणून ती मागच्या दाराने पळाली, आणि भिंगबाई तिच्या खुर्चीत बसली. तिच्या ढिगातले शर्ट, तिच्या चिठ्ठ्या. तिसराच शर्ट चोर निघाला होता, आणि चिमणीने येऊन हात वर करावा म्हणून तो तिने बाजूला ठेवला होता, हेही तिला लख्ख आठवलं. सापडला म्हणून किती बरं वाटलं होतं. त्यानंतरचे शर्ट मात्र कसे गेले, ते काही केल्या आठवेना.

"एकोणीस तुमचाच ना?" सुपरवायझरने चिमणीला विचारलं.

"माझाच."

"त्या दिवशी टेबल सोडून गेला होतात का? दुसरं कोणी बसलं होतं?"

चिमणीने क्षणभर भिंगबाईकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही. मीच होते."

सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. त्याने मान हलवली. "तुमचे कायम करायचे कागद उद्या दहाला वर पाठवणार होतो. आता नाही पाठवता येणार. पुढच्या वर्षी बघू." आणि तो शर्ट काखेत मारून निघून गेला.

भिंगबाई मूग गिळून बसली. बोलायचं नाही असं तिने ठरवलं का? छे. ती फक्त बोलली नाही. आणि कारणं तर एकाहून एक सरस हजर झाली. चिमणीने आपणहून सांगितलंय. आता मी तोंड उघडलं तर बिचारी खोटी पडेल. टेबल सोडल्याचंही बाहेर येईल, तो आणखी एक गुन्हा. एक वर्षाचा तर प्रश्न आहे, पोर तरुण आहे. आणि आपले चार महिने राहिले निवृत्तीला. बोर्डाचं कारण तिने मनात घेतलंही नाही, पण ते सगळ्यांच्या मागे हात बांधून उभं होतं.

बोर्डाचं असं होतं. एकही तक्रार न येता ज्यांनी सगळी नोकरी केली, अशांच्या नावांचा बोर्ड कारखान्याच्या दारात लागायचा होता. आतापर्यंत अशी दोनच माणसं झाली होती, तिसरी भिंगबाई. आणि बोर्ड रंगवायला दिला होता तिच्याच नवऱ्याला. आठ दिवस तो बोर्ड त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभा होता, आणि नवरा तिच्या नावाच्या अक्षरांना सोनेरी किनार काढत होता. पहिल्या दोन नावांपेक्षा तिसऱ्या नावाची किनार चांगली बोटभर जाड होती, हे कोणाही आंधळ्याला दिसलं असतं.

संध्याकाळी साडेसातला दोघं जेवायला बसली. बटाटे वाफाळत होते. नवऱ्याने नेहमीसारखं विचारलं, "मग, आज किती हाकलले?"

"एक," ती म्हणाली. "चहाच्या वेळी. चुगल्या चालल्या होत्या, मी उठून गेले."

"वा. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा."

तिने हात जोडले, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. शब्द तिला शोधावे लागत नसत. इतक्या वर्षांत ते आपले आपणच येत. "प्रभू, या अन्नासाठी तुझे आभार. आजच्या दिवसात तू मला मोहापासून राखलंस, माझे डोळे उघडे ठेवलेस, म्हणून..."

पुढचा शब्द आला नाही.

नवऱ्याने थोडी वाट पाहिली. भूक लागली होती त्याला. त्याने हळूच "आमेन" म्हणून बघितलं. तरी ती तशीच. मग त्याने एक डोळा उघडला. भिंगबाई हात जोडून बसली होती आणि तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तीस वर्षांच्या संसारात जेवणाच्या प्रार्थनेत हे पहिल्यांदाच होत होतं. त्याने चमचा खाली ठेवला.

"काय झालं गं?"

तिने सगळं सांगितलं. शर्ट, कोपरा, चिमणी, सगळं. सांगता सांगता तिला स्वतःचाच असा संताप आला की आवाज चढला. "सैतान सिंहासारखा येतो म्हणतात ना, त्या सिंहाची वाट बघत बसले होते मी. गर्जना करत येणार, मी ओळखणार, हाकलून देणार. सकाळी चुगल्या सापडल्या तर केवढा आनंद मला, सापडला सापडला म्हणून! आणि तिथेच झोपले मी. अडीच वाजता ती पोर माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मी मांजरीसारखी डोळे मिटून दूध पीत होते. आणि वर देवाला सांगत होते की डोळे उघडे ठेवलेस. त्याच्या तोंडावर!"

नवऱ्याने आपलं ताट बाजूला सारलं.

"अहो, शर्टाचंही तेच झालं," ती म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "चोर सापडला आणि मी सुटकेचा श्वास टाकला. पुढच्या शर्टाच्या बाह्या जुळवल्याच नसणार मी. हात फिरला असेल, डोळा फिरला नाही."

नवरा उठला. बोर्डाशी गेला, तिच्या नावाच्या शेवटच्या अक्षरावर बोट टेकवून बघितलं आणि बोट तिला दाखवलं. सोनेरी झालं होतं. "ओलंच आहे अजून," तो म्हणाला. "टर्पेंटाइन आहे, फडकं आहे. लिहायला आठ दिवस लागतात, पुसायला दोन मिनिटं. त्याची काळजी तू करू नकोस."

"तुम्हाला वाईट नाही वाटणार?"

"वाटेल की. किनार फार सुरेख जमली होती." मग खुर्ची ओढत म्हणाला, "पण मला जन्म या बाईबरोबर काढायचाय, बोर्डाबरोबर नाही. आता ती प्रार्थना पुरी कर, बटाटे निवाले."

तिने प्रार्थना पुरी केली. फार लहान होती ती. आणि रात्री झोप लागली का म्हणाल, तर लागली. गाढ लागली.

गुरुवारी सकाळी कामाची घंटा व्हायच्या आधी ती सुपरवायझरच्या काचेच्या खोलीत गेली. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पुराव्याला आपली सहा नंबरची एक कोपरा दुमडलेली चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली. त्याने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मग उठून त्याने दार लावलं आणि तिच्यासाठी खुर्ची पुढे केली.

"बाई, बसा. चहा मागवू? हे बघा, चार महिने राहिलेत तुमचे. सगळ्या कारखान्याला तुमचा अभिमान आहे. मी नव्या पोरींना तुमचं नाव सांगतो, ते काय आता बदलून सांगू? चिमणीचं मी बघतो. पुढच्या वर्षी पहिला कागद तिचाच काढीन, शब्द देतो. ही चिठ्ठी मी पाहिलीच नाही."

इतक्या मायेने बोलला की दगडालाही पाझर फुटावा. भिंगबाई खुर्चीकडे बघत होती आणि एकदम तिला हसू आलं. काल हाच मोह तिच्यासमोर येऊन उभा राहिला होता आणि तिने त्याला ओळख दाखवली नव्हती. आज तो चहा मागवत होता.

"नको साहेब," ती म्हणाली. "बसले की मला झोप येते. तो शर्ट माझा आहे. माझ्या नावावर लिहा."

"तिने टेबल सोडलं होतं, तेही मग लिहावं लागेल."

"लिहा. पोर पडली होती तिची, तेही लिहा. आणि तुम्हाला मूल असतं शाळेत तर तुम्ही काय केलं असतं, ते लिहू नका, पण एकदा मनात आणा."

सुपरवायझरने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि नोंदीचा कागद पुढे ओढला. "तुमच्या हातून असं होतं कसं पण? कारण काय घालू? प्रकृती ठीक नव्हती, घालू?"

"प्रकृती ठणठणीत होती. घाला, एक चूक सापडली म्हणून पुढची शोधली नाही."

त्याचं पेन थांबलं. अकरा वर्षं तो गठ्ठ्यात एकच चोर शर्ट घालत होता, आणि अकरा वर्षं सगळ्याजणींना ठाऊक होतं की एकच असतो. त्याने काचेतून हॉलकडे पाहिलं, जिथे बायका ॲप्रन बांधत होत्या. "मग दोन घालायला हवेत का हो?" त्याने जरा ओशाळून विचारलं.

"दोन घालाल तर दोन सापडल्यावर झोपू आम्ही. तुम्ही घाला हवे तितके, पण किती घातलेत ते सांगू नका. एखाद्या दिवशी एकही घालू नका."

तो हसला नाही. त्याने ते कागदाच्या मागे लिहून घेतलं. मग तिच्या कारणाखाली सही केली, आणि दहाला पाच कमी असताना चिमणीचे कागद वर गेले. चिमणीच्या कागदांना ताकीद जोडलेली होती, पण गेले. भिंगबाईच्या सव्वीस वर्षांवर तांबडी रेघ आली, आणि निवृत्तीपर्यंत तिच्या प्रत्येक गठ्ठ्यामागून दुसऱ्या बाईने दहा शर्ट पुन्हा बघायचे, असं ठरलं. ही दुसरी बाई सहा महिन्यांपूर्वी लागलेली, भिंगबाईनेच शिकवलेली. अवघडून ती म्हणाली, "मावशी, मी तुमचं काय बघणार?" भिंगबाईने शर्ट तिच्याकडे सरकवला. "बाह्यांपासून सुरू कर."

बातमी चिमणीला दुपारी कळली. ती तरातरा आली, आणि कायम व्हायला निघालेल्या बाईच्या तोंडावर जो आनंद दिसायला हवा तो कुठेच नव्हता. नाक लाल, डोळे लाल.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" ती म्हणाली. "एक वर्षाने झाले असते मी कायम. तुमचं आता परत होणार आहे का काही? सव्वीस वर्षं, मावशी. मी मुद्दाम खोटं बोलले. माझ्या मुलीसाठी तुम्ही माझ्या खुर्चीत बसला होता, मी काय तुमचं नाव घेणार होते? कोणालाही कळलं नसतं. मी तर मरेपर्यंत सांगितलं नसतं."

"माहीत आहे मला," भिंगबाई म्हणाली. "तू कधीच सांगितलं नसतंस, म्हणून मला सांगावं लागलं."

चिमणीने खाली वाकून भिंगबाईच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि शेवटच्या ओळीतल्या सगळ्या बायकांनी एकदम शर्टांच्या आतल्या शिलाया तपासायला घेतल्या.